आभासी चलन आणि खरी लूट

‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूरसह देशभर साठांहून अधिक ठिकाणी छापे घातले. या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्येच अटक केली होती; जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. दरम्यान, तपासात साह्य करण्यासाठी नेमलेल्या दोघा तज्ज्ञांनाच त्याच पोलिसांना २०२२ मध्ये गजाआड करावे लागले. कुंपणानेच शेत खाल्ले!

योजना साधी होती. बिटकॉइन आमच्या हवाली करा, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या, आणखी सभासद आणा व दलाली मिळवा. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या घरच्याच नाण्यात देण्यात आला, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती.

अशा जाळ्यात सापडणाऱ्यांना लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आपल्याही काही साथींच्या तोंडी ही भाषा येते, हे खेदाने नमूद केले पाहिजे. जुगारी वृत्तीचे लोक यात आहेतच. परंतु १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याचे निश्चित निवृत्तिवेतन कोणी हिरावले? ते परत मिळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. ज्याची म्हातारपणाची पुंजी राज्यकर्त्यांनीच बाजाराच्या लहरीवर सोडली, त्याला सट्ट्याचे वावडे कसे राहणार? कंत्राटी कामावर दिवस काढणाऱ्या पदवीधराला तर पगारातून घर उभे राहण्याची आशाच उरलेली नाही. मोबाइलवरील नाणे त्याला तेवढी एक वाट दाखवते.

ही वाट कोणाकडे जाते, हे मध्यवर्ती बँकांच्याच बासेल येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले. २०२२ च्या पडझडीत बडे धारक विकत होते, छोटे विकत घेत होते, आणि जवळजवळ सर्व देशांत बहुसंख्य छोट्या गुंतवणूकदारांच्या पदरी तोटाच आला.

आपल्या सरकारने एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर तीस टक्के कर बसवला. सट्ट्यात आपला वाटा घेतला, आभासी चलनातील ठेवीदाराच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मात्र केला नाही. हा कायदा व्हावा, जप्त मालमत्तेतून प्रथम लहान ठेवीदारांचे पैसे परत मिळावेत आणि निश्चित निवृत्तिवेतन पूर्ववत व्हावे, या मागण्या कामगार-कर्मचारी संघटनांनी एकत्रच मांडल्या पाहिजेत. फसलेला कर्मचारी लाजेने गप्प बसला आहे. त्याच्या दारी प्रथम आपण गेले पाहिजे.