आधी बाटिक, मग जमीन

कलावंताला स्वतंत्र राहायचे असेल तर त्याला कुणीतरी पोसले पाहिजे, ही आपली जुनी समजूत. पूर्वी संस्थानिक पोसत, आता अकादमीची शिष्यवृत्ती आणि उद्योगसमूहाचा निधी. पोसणाऱ्याची मर्जीही त्यासोबत येतेच. चेन्नईच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या रस्त्यावर इंजंबाक्कम येथे १९६६ साली उभे राहिलेले चोलमंडल कलाग्राम या समजुतीला चोख उत्तर आहे. मद्रासच्या सरकारी कला विद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांना दिसत होते, की शिक्षण संपले की चांगला विद्यार्थी मिळेल त्या नोकरीला लागतो आणि त्याचा कुंचला सुटतो. म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी बाटिकसारख्या हस्तकलांकडे वळले. एकाला येणारे काम दुसऱ्याने उचलले, विक्रीसाठी स्वतःची संघटना काढली आणि त्या कमाईतून समुद्राकाठची रेताड जमीन घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हातात कसब, मग गाठीला पैसा आणि शेवटी जागा. आपल्याकडची कलासंकुले नेमकी उलट्या टोकापासून सुरू होतात. आधी इमारत, उद्घाटन, आणि मग आत काय करायचे याचा विचार!

विकाऊ वस्तू करता करता कलावंत कारागीर होऊन जाईल, हा आक्षेप हमखास येतो. चोलमंडलमधले काम पाहिले तर तो टिकत नाही. पी. व्ही. जानकीराम यांची ठोकलेल्या पत्र्याची शिल्पे किंवा एस. नंदगोपाल यांची धातूची जोडकामे कारागिरीच्या सवयीशिवाय झालीच नसती. शिवाय कारागिरी टाळली तर दुसरा पर्याय निवांत साधनेचा नव्हताच; होती ती दहा ते पाचची नोकरी. जमिनीचा आक्षेप मात्र खरा आहे. त्या काळी मिळाली तशी जमीन आज त्या किनाऱ्यावर कलावंतांच्या आवाक्यात नाही, आणि घरे बांधून बसलेल्या पहिल्या पिढीनंतर नव्यांना जागा कुठून द्यायची, हा पेच अशा कुठल्याही वसाहतीला पडणारच. पण सामायिक भट्टी, छापयंत्र आणि विक्रीची व्यवस्था भाड्याच्या गाळ्यातही चालते. सरकारने यंत्रांना जरूर पैसे द्यावेत. रोजच्या भाकरीसाठी मात्र कलावंताने त्याच्या दारात उभे राहू नये.

महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी प्रदर्शनाइतकेच महत्त्व एकत्र कमावण्याच्या आणि एकमेकांना कसब शिकवण्याच्या सरावाला द्यावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.