फ्रिलुफ्त्सलिव्हची वंशावळ

'फ्रिलुफ्त्सलिव्ह' हा नॉर्वेजियन शब्द हल्ली जीवनशैलीवरच्या लेखांत फार फिरतो. सोबत ठरलेलं वाक्य: "याचं भाषांतरच होत नाही." का होत नाही बुवा? फोड करून बघा. फ्रि म्हणजे मोकळी, लुफ्त म्हणजे हवा, लिव्ह म्हणजे जगणं. मधला 'स' नुसता सांधा. झालं, मोकळ्या हवेतलं जगणं!

खरी गंमत पुढे आहे. हा समास गाजला तो हेन्रिक इब्सेनच्या १८५९ सालच्या एका कवितेमुळे. म्हणून तो नॉर्वेच्या आत्म्याचा वगैरे शब्द. पण त्याचे सुटे भाग?

'लिव्ह' घरचाच. 'लुफ्त' मात्र हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या भाषेतून आलेला. १४व्या शतकात बर्गन बंदरात त्यांनी मोठी पेढी थाटली होती. मूळचा नॉर्स शब्द 'लोप्त'. त्याचा अर्थ हवाही आणि माळाही. पाहुण्या 'लुफ्त'ने हवा घेतली आणि घरचा म्हातारा 'लोफ्त' होऊन माळ्यावर जाऊन बसला :) आपण रोज ऑफिसात जिचं बटण दाबतो ती इंग्रजी 'लिफ्ट'ही याच 'लोप्त'च्या कुळातली.

'फ्रि'सुद्धा त्याच व्यापाऱ्यांबरोबर आला. पण त्याचं मूळ खणत गेलं की भेटतो आपला 'प्रिय'! प्रिय म्हणजे आपल्यातला, आपल्यातला म्हणजे गुलाम नसलेला, म्हणून मुक्त. असा हा अर्थाचा प्रवास.

म्हणजे तीनपैकी दोन तुकडे बाहेरचे. तरी कुणाचं काही अडलं का? ईवार ओसेनने १९व्या शतकात बोलींमधून उभारलेल्या भाषेचा, आजच्या नीनोर्श्कचा, डॅनिश-जर्मन वळणाच्या शब्दांवर कटाक्ष होता. पण 'फ्रिलुफ्त्सलिव्ह' तिच्यातही सुखाने नांदतो.

आता आपलं भाषांतर पुन्हा बघा. 'मोकळा' हा 'मुक्त'च्या घरातला, पण 'हवा'? ती अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. म्हणजे तिकडेही हवा परकी, इकडेही परकीच. आणि दोन्हीकडे लोक मजेत श्वास घेताहेत!

असो. माझं म्हणणं एवढंच, की शब्द कुणाचा हे त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही, वापरावरून ठरतं. परके शब्द हाकला म्हणणाऱ्यांनी सुरुवात 'हवे'पासून करावी. जमतंय का बघा.