गाडीला नंबर, उस्तादाला काय?

मुंबईत जागा नाही म्हणून जुनी स्पोर्ट्‌स कार कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसच्या शेडमध्ये आणून ठेवायची, वर ताडपत्री टाकायची आणि दहा-बारा वर्षांनी आठवण झाली की मिस्त्रीला फोन करायचा, "रॅली आहे, महिन्यात चालू करून द्या." या शौकाला हल्ली 'वारसा जतन' म्हणतात. शौकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'जतन' या शब्दाबद्दल, कारण ज्याच्या हातून ते होतं त्याचं नावच कुठे येत नाही.

आधी काम काय असतं ते पाहू. समजा १९४७ची एमजी टीसी आहे. साडेबाराशे सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि बॉडीच्या पत्र्याखाली लाकडाची चौकट. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. चार-चार महिने ओल धरलेलं लाकूड आतून खचतं, दारं लोंबायला लागतात, वरून मात्र रंग शाबूत दिसतो. मालकाला घाई असते सेल्फ मारायची, तीही मोबाईलवर व्हिडिओ काढत. उस्ताद त्याला थांबवतो. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाच्या सिलिंडरला तेलाचा ओलावा उरलेला नसतो, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढायचे, आत थोडं तेल सोडायचं, एक-दोन दिवस वाट पाहायची आणि मग हँडल लावून हातानेच हळूहळू फिरवायचं. टाकीतलं पेट्रोल उडून त्याचा वार्निशसारखा चिकट थर झालेला असतो, तोच कार्ब्युरेटरच्या जेटमध्येही अडकलेला असतो. वायरिंग उंदरांनी कुरतडलेली. आणि मालकाला जे सगळ्यात शेवटी आठवतं ते खरं तर सगळ्यात आधी बघायचं असतं, ते म्हणजे ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, सिलिंडर आतून गंजतात, रबरी सील कडक होऊन चिरतात. अशी गाडी नुसती चकाचक रंगवून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरवायची? शिंग्रोबाला नाणं टाकलं म्हणून ब्रेक लागत नाहीत.

हे कसब पुस्तकातलं नव्हे. आपल्या मोहल्ल्यांतली किती मुलं शाळा सोडून गॅरेजात गेली ते इथे कोणाला सांगायला नको. मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे सच्चर समितीने २००६ साली लिहूनच ठेवलं आहे. 'छोटू' म्हणून पाने पुसता पुसता यातले काही उस्ताद झाले. पण ते एमजीवर शिकले नाहीत. ते शिकले पद्मिनीवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती फियाट बोर घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभी राहायची, टॅक्सी म्हणून चालली तर सारखी गॅरेजला यायची. त्या कार्ब्युरेटरवर बसलेला हात पुढे श्रीमंतांच्या स्पोर्ट्‌स कारला लागला. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवणींचे रकाने भरले. त्या गाडीसोबत एक अख्खी शाळा बंद पडली, हे किती जणांनी लिहिलं? आजचा मुलगा इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लावायला शिकतो. त्याने तेच शिकावं, पोट त्यावर आहे. मग पंधरा वर्षांनी तुमची एमजी उघडणार कोण?

केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. गाडी मूळ रूपात हवी, ही अटही त्यात आहे. चांगलंच केलं. मूळ रूपात ठेवणाऱ्या माणसाची दखल मात्र कोणाला घ्यावीशी वाटली नाही.

मालक म्हणतील, आम्ही मजुरी देतो की! देता. एमजीचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात, ते पौंडात मागवताना घासाघीस होत नाही. ती होते उस्तादाच्या मजुरीवर. "नुसतं साफ तर करायचंय" हे वाक्य कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, त्याला पाठ असेल. ते 'नुसतं साफ' करायला दोन महिने लागतात आणि चाळीस वर्षांची नजर लागते.

रॅलीत गाडीपुढे फलक असतो. मॉडेल, साल, मालकाचं नाव. त्याखाली उस्तादाचं नाव लिहा. पण तेवढ्यावर सुटू नका. गाडी उघडाल तेव्हा उस्तादाबरोबर अठरा वर्षं पूर्ण झालेला एक शागीर्द ठेवा आणि काम चालेल तितके महिने त्याचा पगार मालक म्हणून तुम्ही द्या. आणि आयटीआयवाल्यांनी आठवड्यातून एक दिवस अशा उस्तादाला मानधन देऊन वर्गावर बोलवावं. फक्त दारात त्याच्याकडे दहावीची मार्कशीट मागू नये.