सहलीच्या बोटीवरील पहिली कवायत

मुंबईहून गोव्यास रेल्वे, मोटार व विमान अशीं तिन्ही साधनें असतां कोणी केवळ हौसेखातर बोटीनें जावें, ही गोष्ट आमच्या बिरवाडीकडील माणसांस अजून नवलाची वाटते. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही घरचीं पांच माणसें, म्हणजे मी, माझी पत्नी, दोन मुलें व पंचाहत्तरी गांठलेली माझी आई, अशा एका मोठ्या सहलीच्या बोटीनें गेलों. त्या प्रवासाचें सबंध वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. प्रवासवर्णनें या वार्षिकांत विद्यार्थी दरवर्षीं लिहितात, आणि माझ्यापेक्षां चांगलीं लिहितात. मला बोलावयाचें आहे तें पहिल्या दुपारच्या अवघ्या अर्ध्या तासाविषयीं. कारण त्या अर्ध्या तासांत आम्हां वडील मंडळींचें वर्तन पाहून मला लाज वाटली, आणि त्या वर्तनांत माझाहि वांटा होता.

पहाटेच्या एस्. टी.नें निघून आम्ही दुपारीं बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर पोंचलों. बोट कसली, दहामजली वाडाच तो! आंत पाऊल टाकतांच गालिचे, आरसे, लिफ्ट, दिव्यांचीं झुंबरें. मुलांनीं धांवत जाऊन आमची खोली पाहिली. तिला खिडकी नाहीं म्हणून क्षणभर हिरमुसलीं, आणि लागलीच भोजनगृहाकडे वळलीं. तेथें लोकांनीं आपलीं ताटें अशीं भरलीं होतीं कीं जणुं बोट गोव्यास नव्हे, दुष्काळांत चालली आहे. (आमचीं ताटेंहि फारशीं रितीं नव्हतीं, हें कबूल केलें पाहिजे.)

इतक्यांत ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली कीं बोट सुटण्यापूर्वीं संकटकाळची कवायत होईल. सात आंखूड व एक लांब असा भोंगा ऐकूं येतांच प्रत्येक उतारूनें आपल्या ठरलेल्या जागीं जमावें. भोंगा झाला. कांहीं मंडळी उठलीं, पुष्कळ उठलीं नाहींत. शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "अहो, हा नुसता कायद्याचा सोपस्कार आहे, तुम्ही आपलें जेवून घ्या." मीहि तितकाच शहाणा! पत्नीस म्हणालों, "आईला कशाला तीन जिने चढविते आहेस? ती खोलींत पडेल, मी ऐकून येतों." त्यावर आई म्हणाली, "मला कां रे मागें ठेवतोस? बोट बुडूं लागली तर मी काय निराळी बुडणार आहें?"

ती आली, आणि जमलेल्या लोकांत सर्वांत चांगली विद्यार्थिनी तीच ठरली. खलाशी लाइफ जॅकेट कसें घालावें तें दाखवीत होता, आणि आमच्याभोंवतीं लोक त्याच्याकडे पाठ करून मोबाइलवर स्वतःचीं छायाचित्रें काढीत होते. आईनें त्याला थांबवून विचारलें, "पट्टा पुढून बांधायचा कीं मागून? आणि शिट्टी कोठें असते?" दोन तरुण मुलें हंसलीं. तो खलाशी मात्र हंसला नाहीं. त्यानें तिच्या पदरावरून जॅकेट चढवून पट्टा बांधून दाखविला, शिट्टी व लहानसा दिवा कोठें असतो तें दाखविलें, आणि धाकटीच्या मापाचें निराळें जॅकेट काढून तिलाहि घातलें. पुढें परत खोलीकडे जातांना आईनें दोन्ही नातवंडांस भिंतीच्या कठड्याला हात लावून, डोळे मिटून, दारापासून जिन्यापर्यंत चालावयास लाविलें. "दिवे गेले तर?" एवढेंच ती म्हणाली.

तिच्या या गंभीरपणास कारण होतें. तिचें लहानपण हर्णैस गेलें. त्या काळीं कोंकणांतील माणूस बोटीनें जाई तो हौसेनें नव्हे. दुसरी वाटच सोयीची नव्हती. बोट दूर समुद्रांत उभी राही, पडावांतून तिच्यापर्यंत जावें लागे आणि लाटेचा अंदाज घेऊन वर चढावें लागे. आपल्या तालुक्याचाहि समुद्राशीं असाच संबंध होता. भरतीच्या पाण्याबरोबर सावित्रींतून मचवे महाडापर्यंत येत. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते बोटीनेंच, आणि उतरले दासगांवच्या बंदरावर. त्याच्या अवघा दीड महिना आधीं, ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, 'जयंती' व 'तुकाराम' या किनाऱ्यावरील दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या काळच्या प्रवासाची कल्पना येईल.

आणि 'रामदास'! कोंकणांतील जुन्या माणसांपुढें हें नांव अजूनहि हलक्या आवाजांत निघतें. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ भर पावसांत कलंडली. लाटेच्या तडाख्यासरशीं घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, आणि बोट त्याच बाजूस उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई इतकी जवळ असून बातमी तेथें कळावयास दुपार झाली. आई त्यानंतर जन्मली, परंतु तिच्या माहेरीं पावसाळ्यांत ही गोष्ट पुनःपुन्हां निघे, व ती ऐकतच ती वाढली.

कोणी म्हणेल, त्या जुन्या बोटी. आतांच्या बोटी बुडत नाहींत. असेंच १९१२ मध्यें 'टायटॅनिक'वरील लोकांस वाटत होतें. तिची पहिली होडी पाण्यांत सोडली तेव्हां तींत पासष्ट जणांची सोय असून तीस माणसेंहि बसलीं नव्हतीं, कारण ऊबदार बोट सोडून काळोख्या समुद्रांत उतरावें असें कोणास वाटेना. त्या अपघातानंतर १९१४ मध्यें समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीहि नवीन उतारूंची कवायत चोवीस तासांच्या आंत घ्यावी, एवढीच सक्ति पुढें दीर्घकाळ होती. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' ही प्रचंड सहलीची बोट खडकावर आदळली. तिच्यावर चार हजारांहून अधिक माणसें होतीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवायत व्हावयाची होती ती दुसऱ्या दिवशीं! बोट सोडण्याचा हुकूम सुटावयासहि तासाहून अधिक वेळ गेला. बत्तीस माणसें मेलीं. तेव्हां कोठें नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांक्षणींच घेणें भाग झालें. ज्या अर्ध्या तासास आमचे शेजारी सोपस्कार म्हणत होते, त्या अर्ध्या तासाची किंमत अशी कोणीतरी आधींच भरून ठेविली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या तारवाची हकीकत आहे. वादळांत खलाशी नांगर टाकण्याचें निमित्त करून होडी पळवूं पाहतात. पौल शताधिपतीस सावध करतो, आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. तारूं फुटतें, पण २७६ माणसांपैकीं एकहि दगावत नाहीं. कोणी पोहून, कोणी फळ्यांच्या आधारानें कांठास लागतात. आपण हा भाग वाचतांना पौलाच्या विश्वासाविषयीं बोलतों, तें योग्यच आहे. परंतु त्यानें लोकांस वेळीं जेवावयास लाविलें, कोणी कोठें राहिलें पाहिजे तें सांगितलें, आणि ऐन वेळीं त्यांनीं ऐकलें, ही गोष्टहि त्याच अध्यायांत आहे. देवावर भरंवसा ठेवणाऱ्यानें शिट्टी कोठें आहे तें पाहूं नये, असें त्यांत कोठेंहि नाहीं.

सुटीच्या दिवशीं मुलांच्या मनांत भय कशाला घालावें, असा आक्षेप माझ्या एका मित्रानें घेतला. माझा अनुभव उलट आहे. कवायतीपूर्वीं माझी धाकटी डेकच्या कठड्याजवळ यावयास तयार नव्हती. जॅकेट घालून, शिट्टी वाजवून, आपली जागा पाहून आल्यावर ती आजीचा हात धरून संध्याकाळभर कठड्याशीं उभी राहिली. डाव्या हातास अलिबागच्या बाजूचे दिवे लागूं लागले होते. आईनें रेवसच्या दिशेस बोट दाखवून तिला रामदासची गोष्ट सांगितली, आणि मुलीनें ती शांतपणें ऐकली. मनुष्यास भिववितें तें अज्ञान. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जणांचे प्राण गेले. त्या बोटींतहि सहलीस निघालेलीं कुटुंबेंच होतीं, आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतें.

पालकहो, आपणांपैकीं थोडेच अशा बोटीवर जातील, हें मी जाणतों. परंतु भोंगा आपल्याहि गांवीं आहे. बिरवाडीच्या शेजारीं औद्योगिक वसाहत आहे, तेथें रसायनांचे कारखाने आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें त्यांपैकीं एकांत स्फोट होऊन अकरा कामगार प्राणांस मुकले. जुलै २०२१ मध्यें महाडांत पाणी कसें शिरलें, आणि त्याच दिवशीं तळियें गांवावर डोंगर कसा आला, हें या शाळेंतील मुलांस सांगावें लागत नाहीं. तरीहि आपल्या शाळेंत कवायतीची घंटा झाली म्हणजे मुलें हंसत बाहेर पडतात, आणि आम्ही शिक्षक वह्या तपासावयाच्या राहिल्या म्हणून कुरकुरतों.

सुटीनंतर मीं नववीच्या वर्गास विचारलें, "कारखान्याचा भोंगा लांबलचक वाजूं लागला तर काय कराल?" एक म्हणाला, "सर, पाळी सुटली असेल." दुसरा म्हणाला, "आग पाहावयास जाऊं." वायु सुटला असेल तर घरांत शिरून दारें-खिडक्या लावाव्या, आणि बाहेर पडणें भागच झालें तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनें दूर जावें, हें चाळीसांपैकीं तिघांस ठाऊक होतें. वारा कोणीकडून वाहतो तें कसें ओळखावें, हें मग आम्ही मैदानांत जाऊन, मूठभर वाळलेलें गवत उडवून पाहिलें. परत येतांना मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण भोंगा रात्रीं झाला, आणि आई-बाबा दोघें पाळीवर असलीं तर? धाकट्याला घेऊन मीं कोणाकडे जायचें?"

त्या मुलीस देण्याजोगें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. पुढच्या पालकसभेंत फी व निकाल यांच्या आधीं हा प्रश्न घ्यावा, अशी मुख्याध्यापकांस माझी विनंति आहे.