एन. डी. सरांच्या फोटोला हार घालणाऱ्यांनो, ज्युनिअरला पगार किती देता?

१७ जानेवारी, प्रा. एन. डी. पाटील सरांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपल्या सातारा-सांगलीतल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या भिंतीवर सरांचा फोटो असतो. आज जरा कडू लिहितोय, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

वाळवा तालुक्यातल्या ढवळीच्या शेतकऱ्याचं हे पोरगं. १९५४ पासून तीन वर्षं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, तिथंच 'कमवा व शिका' योजनेचे प्रमुख. १९६० ला विधान परिषदेवर गेले आणि एलएल.बी. केली १९६२ ला. आमदार झाल्यावर! (आता आमदार झालं की शिकणं संपतं, शिकवणं सुरू होतं.) त्या पदवीचं त्यांनी ऑफिस थाटलं नाही. सभागृहात कायद्यावर बोलले आणि रस्त्यावर लोकांसाठी भांडले. मेहुणे शरद पवार मुख्यमंत्री असताना झालेल्या एन्रॉन कराराविरुद्ध ते उभे राहिले. कोल्हापूरच्या टोलविरोधात उतरले तेव्हा वय ऐंशीच्या पुढं होतं.

आता मुद्द्यावर येतो. मी बरीच वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय. माण-खटाव, जत-आटपाडीकडची पोरं-पोरी कायद्याची पदवी घेतात, सनद काढतात, काळा कोट शिवतात. सहा महिने सीनियरच्या मागं फायली घेऊन फिरतात. हातात काय? चहा, आणि कधीमधी पेट्रोलपुरते पैसे. खोलीचं भाडं गावाकडनं, दुधाच्या बिलातनं येतं. मग एक दिवस पोरगं दिसेनासं होतं. चौकशी केली की कळतं, भरतीच्या क्लासला बसलंय, नाहीतर भाडेकरार टाईप करत बसलंय. टिकतो कोण? ज्याच्या बापाचं ऑफिस आहे तो.

हे बोललं की सीनियर लोक म्हणतात, "आम्ही पण असेच दिवस काढले. या पोरांना कळ सोसवत नाही." अहो, कळ सोसा असं सांगून कर्मवीरांनी रयत उभी केली का? १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा आधी पोरांच्या पोटाची सोय बघितली. लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. पोट भरलं म्हणून त्याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊ शकले, साताऱ्यात शिकवायला परत आले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपण मात्र पदवीपर्यंत 'कमवा आणि शिका' म्हणतो, आणि सनद मिळाली की 'शिका, पण कमवू नका'.

बरं, ही मागणी काही माझ्या डोक्यातनं आलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्येच सांगितलं, ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्या. पण ती नुसती शिफारस, बंधन नाही. त्याआधी जुलैत सुप्रीम कोर्टानं सनदेची फी सर्वसाधारण गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्यावर एक रुपया नाही, असं ठणकावलं. म्हणजे दार स्वस्त झालं, पण आत गेल्यावर खायचं काय?

आणि हे आत्ताच विचारायला हवं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. त्यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, त्याला सलामच. पण धरणात जमीन गेलेल्या म्हातारीची केस तिथं चालवायला तिच्याच गावची वकीलपोरगी नसेल, तर म्हातारीच्या दृष्टीनं कोल्हापूर काय नि मुंबई काय.

सगळ्याच सीनियरना १५ हजार परवडणार नाहीत, तालुक्याला तर नाहीच, हे मला दिसतं. मग बार असोसिएशननं निधी काढावा. रयतेत शिकून मोठे झालेले कारखानदार, आमदार, खासदार त्यात पैसे घालू देत. एका अभिवादन सोहळ्याच्या मांडवाच्या खर्चात दोन पोरांचे काही महिने निघतील. केरळ, तामिळनाडूत नव्या वकिलांना विद्यावेतन देतात, तर आपल्या सरकारलाही विचारा.

सातारा आणि सांगलीच्या बारनं पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. कोणी बाजूनं हात वर केला आणि कोणी खाली ठेवला, दोन्ही मी नावानिशी छापणार आहे.