‘ब्रेक द चेन’ वावरातही लागू करा



एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ‘ब्रेक द चेन’चे आदेश निघाले होते, आठवत असेल. विषाणूला एका माणसातून दुसऱ्यात जायला वाट द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणसांच्या साथीत आपण हे शिकलो. पऱ्हाटीवरच्या साथीत मात्र आपण साखळी तोडत नाही, उलट जोडून देतो.

गुलाबी बोंडअळी ही साथच आहे. बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१७ च्या हंगामात याच अळीनं विदर्भातली बोंडं पोखरली. बीटीचं विष तिला पचलं. पण कपाशी सोडून दुसऱ्या पिकावर ती फारशी जगत नाही. वावर काही महिने कपाशीविना राहिलं तर तिची पिढी तुटते. मग साखळी जोडते कोण?

एक, बिघडलेलं हवामान. पाऊस मागंपुढं होतो, म्हणून गावात लागवडही एका वेळी होत नाही. ओलितवाल्याची पऱ्हाटी आधी फुलते, कोरडवाहूची नंतर. अळीला एकीकडून दुसरीकडे जायला पूल तयार. दिवाळीनंतर अवकाळी आला की वाळत चाललेली पऱ्हाटी पुन्हा हिरवी होते, पात्या-फुलं धरते. आपण म्हणतो, अजून एक वेचा होईल, राहू द्या. झाली फरदड!

दोन, घरात पडलेला कापूस. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, खरेदी थांबली. पुढे सुरू झाली तीही मोजक्या गाड्यांची. पावसाळा तोंडावर आला तरी वर्ध्यापासून यवतमाळपर्यंत कापसाच्या गंजी घरात होत्या. ही अळी दोन सरक्या जोडून आत झोपून राहते आणि पुढे पतंग होऊन बाहेर पडते. माणसांच्या साथीनं अळीला असा घरातच आसरा दिला.

फरदड घेणारा कास्तकार लोभी आहे, असं मी म्हणणार नाही. शेवटच्या वेच्यात कृषी केंद्राची उधारी फिटते, हे मलाही माहीत आहे. पण त्या वेच्याच्या हिशोबात पुढच्या हंगामाच्या जादा फवारण्या आणि कवडी कापूसही धरा. मग फरदड स्वस्त वाटणार नाही.

करायचं काय? डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा. धुऱ्यावर गंजी लावू नका, श्रेडरनं बारीक करून मातीत मिसळा. पुढच्या वर्षी त्या वावरात कपाशीवर कपाशी नको. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, किंवा शंभरात दहा हिरवी बोंडं किडकी निघाली, तरच फवारणी. जिनिंगमध्येही सापळे हवेत आणि सरकी पावसाळ्याआधी हलली पाहिजे. शासनाकडून दोनच गोष्टी हव्यात : गावोगावी श्रेडर आणि वेळेवर खरेदी. खरेदी लांबली की कापसासोबत अळीही आमच्याच घरात राहते.

आधी हा खंड निसर्ग स्वतः पाळायचा. उन्हाळ्यात वावर रिकामं, मातीला ऊन, आलटून-पालटून ज्वारी-तूर. आता पावसाचा भरवसा उरला नाही, म्हणून ते वेळापत्रक आपल्याला पाळावं लागेल. निसर्गाशी नातं बदललं ते इथं.

आणि हे एकट्याचं काम नाही. पतंगाला सात-बारा समजत नाही, तो धुरा ओलांडून येतोच. तोंडाला मास्क एकट्यानं लावून साथ थांबली नाही, तसंच हे. पऱ्हाटी काढायची तारीख ग्रामसभेत ठरवा, सगळ्या गावासाठी एकच. तुमच्या गावात शेवटची पऱ्हाटी कधी निघते, ते लिहा.