खर्ज हवा की हादरा?

गेल्या दिवाळीत थोरल्या भावाच्या हाती पहिला बोनस पडला आणि आमच्या घरी सबवूफर आला. दीड फुटाची काळी पेटी, आत बारा इंची पडदा. अण्णांच्या जुन्या स्टीरिओचे दोन्ही स्पीकर लहान. त्यांना खर्ज असा कधी पेललाच नाही. तो आता मिळेल, ही भावाची भाबडी इच्छा. 'कोपऱ्यात ठेवा, घर हादरेल,' असे दुकानदाराने सांगितले होते आणि त्याचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. फडताळातली भांडी बोलू लागली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी रात्री साडेनऊला येऊन दार वाजवले. अण्णा विलंबित ख्याल दहा मिनिटे ऐकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढे महिनाभर त्यांनी स्टीरिओला हात लावला नाही. मुलाचे मन मोडू नये म्हणून ते बोलले नाहीत, पण भाऊ काय ते समजला. दोघांतल्या त्या अवघडलेपणापायी मी, अकरावीत विज्ञानाला रामराम ठोकलेला माणूस, ध्वनिशास्त्रात डोके घालून बसलो. चूकभूल जाणकारांनी पोटात घालावी.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सबवूफर ऐकू यावा म्हणून घ्यायचा नसतो. तो बंद केल्यावर काहीतरी गेले असे वाटावे. चालू असताना तो आहे हे कळूही नये. आपल्याकडे नेमके उलटे चालते. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्याला अशी सवय लावली आहे, की छातीत धडधडले नाही तर पैसे वाया गेले असे वाटते.

आमच्या बाबतीत दोष पेटीचा नव्हता, खोलीचा होता. आमचा दिवाणखाना बारा फूट बाय दहा फूट. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे ४० हर्ट्‌झच्या एका लहरीची लांबी होते अठ्ठावीस फूट. ही लहर बारा फुटांत मावायची कशी? ती भिंतींवर आपटून परत येते, आणि ज्या स्वराची अर्धी लहर दोन भिंतींमध्ये नेमकी बसते तो स्वर फुगतो. आमच्या खोलीत लांबीच्या बाजूने असा पहिला स्वर ४७ हर्ट्‌झचा, रुंदीच्या बाजूने ५६ चा आणि दोन्ही मिळून होणारा ७३ च्या आसपासचा. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज असतो ६९ च्या जवळ! तानपुऱ्याची चौथी तार छेडली की आमची खोलीच आपला सूर लावून बसायची. कोपरा ही तर अशी जागा, की जिथून खोलीचे हे सगळे सूर एकदम जागे होतात. अण्णा गॅलरीत गेले यात नवल ते काय?

यावरचा उपाय फुकटचा आहे आणि हास्यास्पदही आहे. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर सबवूफर ठेवायचा, खर्जाचे संगीत लावायचे आणि भिंतीकडेने रांगत जमिनीलगत कान देत हिंडायचे. पेटी आणि कान यांच्या जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. तेव्हा जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येतो तीच पेटीची जागा. मी रांगत असताना आई आत आली. म्हणाली, "काय रे, काय पडलं?" काय सांगणार! जागा सापडली ती लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर, शिवणाच्या मशीनशेजारी. या मध्यावरून लांबीचा ४७ चा सूर जागा होत नाही आणि ७३ चाही नाही. मग अण्णांची खुर्ची भिंतीपासून दीड हात पुढे घेतली, कारण भिंतीला टेकलेल्या डोक्याशी खर्ज उगाच फुगतो. सबवूफरने कुठवर गायचे ते ठरवणारे बटण दुकानदाराने १५० वर ठेवले होते, ते ८० वर आणले. साधारण ८० च्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही. त्याच्या बराच वर गेले की गायक अर्धा शिवणाच्या मशीनमागे बसून गातो! ज्यांना परवडेल त्यांनी दोन लहान पेट्या घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवाव्यात. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासात ही मांडणी फार चांगली ठरली होती.

आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी बारा इंची घेणार नाही. एक सप्तक खाली उतरून तितकाच आवाज काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते, म्हणून मोठ्या दिवाणखान्याला मोठा पडदा लागतो हे खरे. पण आमच्यासारख्या खोलीत अगदी खालच्या स्वरांना खोली स्वतःच हात देते. तिथे आठ किंवा दहा इंची, बंद पेटीचा सबवूफर पुरतो. नळीचे भोक असलेली पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त गाजते, आणि दुकानात तीच आवडते. वॅट मात्र आर.एम.एस. किती ते विचारावे, पी.एम.पी.ओ.चे हजारोंचे आकडे निव्वळ शोभेचे.

राहिले खालचे काका. खर्ज भिंती आणि स्लॅब यांना जुमानत नाही. त्यातून आवाज लहान केला की कानाला खर्ज आणखीच कमी वाटतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले), म्हणून रात्री माणूस नेमका सबवूफर वाढवतो. मी एका रविवारी काकांच्या घरी जाऊन बसलो आणि भावाला फोनवरून बटण फिरवायला सांगितले. काकांनी 'हं, इथवर चालेल' म्हटले, तिथे आईच्या नेलपॉलिशची खूण केली. रात्री दहानंतर पेटीचा प्लगच काढतो.

परवा संध्याकाळी अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. पाऊण तास हलले नाहीत. मध्येच डोळे न उघडता म्हणाले, "ती पेटी बंद केलीत का रे?"

पेटी चालू होती. भावाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हो, अण्णा."